‘माय’ एवढंच ऐकू आलं

फोन वाजला तेव्हा कालिपाचे दोन्ही हात लोण्यात होते. ओशच्या बाजारात दूधदुभत्याच्या रांगेत सकाळच्या वेळी फोन उचलायला कुणाला फुरसत नसते, आणि ओळखीची माणसं त्या वेळी फोन करतही नाहीत. म्हणून तिनं आधी तो वाजू दिला. मग काय वाटलं कोण जाणे, एप्रनला हात पुसले न पुसले आणि फोन कानाला लावला. तो सारखा हातातून निसटत होता.

“अपा,” पलीकडून आवाज आला.

अपा म्हणजे आई. या जगात तिला अपा म्हणणारा एकच जीव होता, तिचा सापारबेक, रशियात बांधकामावर गेलेला. सहा महिने त्याचा आवाज तिनं ऐकला नव्हता.

“अपा, ऐकू येतंय का? अपा, माय...”

पुढे नुसती खरखर, आणि मग तीही नाही. तिनं लगेच उलटा फोन लावला. नंबर बंद. पुन्हा लावला. बंद. तो नंबर सापारचा नव्हताच, कुणाचा तरी उसना होता. फोनवर तिच्या बोटांचे लोण्याचे ठसे उमटले होते आणि गिऱ्हाईक समोर भांडं घेऊन उभं होतं.

या सहा महिन्यांची हकीकत सांगायला हवी. मे महिन्यात कालिपाचा नवरा गेला. किर्गीझ घरात बाप गेला की मुलगा नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तंबूबाहेर कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून उभा राहतो आणि मोठ्यानं रडतो. समाचाराला येणाऱ्याच्या कानावर आधी तो आवाज पडला पाहिजे, मग बाकी सगळं. सापारला निरोप गेला, पण मधे दोन सीमा आणि केवढा तरी रस्ता, आणि माती काही कुणासाठी थांबत नाही. तो निघायच्या आत सगळं उरकलं होतं. दारात पुतण्या उभा राहिला. थोरला दीर मामात सगळ्या गोतासमोर म्हणाला, “एकुलतं एक पोरगं, आणि बापाच्या दारात रडायला भाड्याचा गळा.” भाड्याचा नव्हता, मामातचाच मुलगा होता तो, पण टोमणा मारायचा म्हटला की मामात स्वतःच्या पोरालाही सोडत नाही. हे बोलणं कुणीतरी सापारपर्यंत पोचवलं. अशी कामं करायला माणसं कधी कमी पडत नाहीत. तेव्हापासून सापारनं फोन करणं सोडलं.

आणि आता अचानक फोन, आणि त्यात एकच शब्द.

“काय म्हणाला?” समोरच्या सुक्या मेव्याच्या गाळ्यातून नेमातनं विचारलं. हा इस्फाराकडचा ताजिक, जर्दाळू विकतो, आणि त्याच्या जिभेला हाड नाही. पण तिच्या नवऱ्याच्या मातीला स्वतःहून आलेला बाजारातला एकटा तोच होता.

“माय म्हणाला.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? लोणी मागतोय पोरगा.” कालिपानं समोरच्या पिवळ्या ढिगावर हात ठेवला. किर्गीझ भाषेत माय म्हणजे लोणी, आणि लोण्यात हयात गेलेल्या बाईला त्या शब्दाचा दुसरा अर्थ लागायचं कारणच नव्हतं.

“छे,” नेमात म्हणाला. “सहा महिन्यांनी फोन करून कुणी लोणी मागतं का? आमच्या शायरांना विचार. आमच्याकडे माय म्हणजे मद्य. अस्सल द्राक्षाचं. पोरगं रशियात आहे, बाई. थंडी काय, सोबत काय. पहिला पेला दोस्त पाजतात, दुसरा...”

बोलता बोलता त्याचं लक्ष कालिपाच्या तोंडाकडे गेलं. कालिपाच्या गावाकडची, आलाईच्या डोंगरातली अशी दोन पोरं गाव ओळखून होतं. रशियातून परत आली ती बाटली धरूनच. नेमातनं जर्दाळू उगाच इकडचे तिकडे केले आणि म्हणाला, “चेष्टा केली गं. माझ्या तोंडाला कुलूप लावायला हवं.”

“किल्ली माझ्याकडे द्या,” कालिपा म्हणाली. पण पुढच्या गिऱ्हाइकाला तिनं चुकीची मोड परत दिली.

दुपारी ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेली. दुकान चालवणारी झोया ही तिची पंचवीस वर्षांची मैत्रीण, रशियन, सगळे रशियन निघून गेले तरी ओश न सोडलेली. झोयानं सगळं ऐकून घेतलं, त्या नंबरावर स्वतः दोनदा फोन लावून पाहिला, आणि चष्मा कपाळावर चढवला.

“येतोय तो. मे महिन्यात येतोय. माय म्हणजे मे, शेंबडं पोरही सांगेल.”

“तुझ्या भाषेत.”

“आणि तुझ्या भाषेत मे महिन्याला काय म्हणतात?”

महिन्यांची नावं सगळ्यांनी रशियनच उचलली होती, तिनंही. नवऱ्याचं वर्ष कधी फिरतं असं परवा कुणी विचारलं तेव्हा ती स्वतःच ‘माय’ म्हणाली होती.

“वर्ष कधी फिरतं? मायमधे. आश कधी घालणार? मायमधे. मग तो काय लोण्याबद्दल बोलेल?” झोया म्हणाली. “डोकं चालव गं.”

वर्ष फिरलं की सगळ्या गोताला बोलावून जेवू घालायचं, त्याला आश म्हणतात. तोवर विधवा काळं घालते, त्या दिवशी बायका तिचं काळं उतरवून पांढरा रुमाल बांधतात, आणि दुःखाला रजा मिळते. झोयाचं म्हणणं पटण्यासारखं होतं. म्हणूनच कालिपाला ते नको होतं. माती झाल्यापासून रस्त्यावर गाडी थांबली की ती दाराशी जात असे, आणि प्रत्येक वेळी दुसरंच कुणी उतरत असे. आता परत आशा लावून घ्यायची आणि परत तोंडघशी पडायचं, एवढा जीव तिच्यात उरला नव्हता.

दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला एक मुलगी उभी होती. हिंदुस्थानातून डॉक्टरकी शिकायला आलेल्या पोरांनी ओश भरलेलं आहे, त्यातलीच ही, जालन्याची का कुठलीशी. दर आठवड्याला कालिपाकडून लोणी न्यायची आणि खोलीवर कढवून त्याचं तूप करायची, त्या वासामुळे तिच्या इमारतीतला सगळा जिना तिला नावं ठेवायचा. किर्गीझ भाषा तिला मोडकीतोडकी यायची, कालिपाला ती इथल्यासारखीच एजे, म्हणजे ताई, म्हणायची. तिनं ऐकून घेतलं होतं आणि तिला राहवलं नाही.

“एजे, आमच्यात, घरी, माय म्हणजे अपा,” ती म्हणाली. “मी फोन करते, पहिलं तेच म्हणते. माय.”

झोया हसली. कालिपाही जराशी हसली. “तो तुमच्यातला असता तर बरं झालं असतं. अपा तर तो म्हणालाच होता गं, दोनदा. एकाच आईला किती वेळा हाक मारेल?”

मुलगी ओशाळून बाटली घेऊन गेली.

घरी जाता जाता कालिपानं मनाशी ठरवून टाकलं. लोणीच. मद्य असेल तर इथं बसून तिला काही करता येणार नव्हतं. मे महिना असेल तर तो आपल्या पायांनी येईल. पण पोरगं भुकेलं असेल, परक्या गावात कोरडा पाव पाण्याबरोबर गिळत असेल, तर त्यावर इलाज तिच्या हातात होता. आईला जे करता येतं तेच तिला ऐकू येतं, त्याला ती काय करणार?

तिनं आलाईतल्या बहिणीकडून साय मागवली. बाजारात विकायची साय वेगळी आणि ही वेगळी. मंद आचेवर ती कढवत बसली, घर भरून वास सुटेपर्यंत, खाली बेरी बसून वर सोन्यासारखं पिवळं येईपर्यंत. मेंढीचा कोथळा मीठ लावून वाळवून ठेवला होता, त्यात ते भरलं, दाबून दाबून, हवेला जागा न ठेवता, आणि तोंड लोकरीच्या दोऱ्यानं आवळलं. असं कढवलेलं लोणी, म्हणजे तूपच, पण किर्गीझ त्यालाही मायच म्हणतात, वर्षभर टिकतं. तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं, आणि सापार लहानपणी कोथळ्याला चिकटलेलं बोटानं खरवडून खायचा.

तोलोन ओश ते रशियातलं येकातेरिनबुर्ग अशी बस चालवायचा, सापार तिथंच होता. आलाईची पोरं तिथं कुठल्या वसतिगृहात राहतात ते त्याला ठाऊक होतं. कोथळा हातात घेऊन त्यानं वजन पाहिलं. किर्गीझ भाषेत इंजिनचं तेलही मायच.

“कशाचं माय आहे एजे? वाटेत इंजिन कोरडं पडलं तर घालू का?”

“घाल. मग पुढं तुझ्या सासऱ्याच्या गाढवावर बसून जा.”

तोलोन हसत गेला. नवीन वर्षाच्या आधी परत आला तेव्हा हसत नव्हता. तिच्या गाळ्यावर आला, ताकाचा पेला मागून घेतला, आणि पिताना पेल्यातच बघत राहिला.

“दिलं का?”

“दिलं. त्याच्या खोलीतल्या पोरानं घेतलं.”

“आणि तो?”

“तो तिथं नव्हता.”

“कुठं होता?”

“दुसरीकडे आहे म्हणे सध्या. पोचवतो म्हणाला तो पोरगा.” पेला ठेवून तोलोन उठला. “चांगलं लोणी होतं एजे. सगळ्या बसला वास येत होता.”

पंचवीस वर्षं बाजारात बसलेली बाई, समोरचा काहीतरी लपवतोय हे तिला कळणार नाही असं कसं होईल? पण विचारायची हिंमत होईना. दुसरीकडे म्हणजे कुठं? नेमातचा तो शब्द हिवाळाभर तिच्या मानगुटीवर बसला. रस्त्यात कुणी झोकांड्या खात गेला की ती मान फिरवायची. नेमातला हे कळत होतं. तो रोज सकाळी तिच्या गाळ्यावर मूठभर जर्दाळू ठेवायचा आणि काही न बोलता परत जायचा. त्याच्यासारख्या माणसानं काही न बोलणं म्हणजे मोठीच माफी होती.

मार्चमध्ये मामात आशची बोलणी करायला आला. कुणाला बोलवायचं, घोडी कुठली कापायची, सगळं ठरलं. मग त्यानं घसा साफ केला.

“दारात माझा धाकटाच उभा राहील. मागंही राहिला होता, सवय आहे त्याला.”

“सापार येईल,” कालिपा म्हणाली. आपण हे म्हणालो याचं तिलाच नवल वाटलं.

“त्यानं कळवलंय?”

“माय म्हणाला होता.”

मामात तिच्याकडे पाहत राहिला. “लोणी?”

“मे महिना.”

“आतापर्यंत लोणी म्हणत होतीस. सगळ्या आलाईला ठाऊक आहे तू लोणी पाठवलंस ते.”

“मग आता महिना म्हणते. शब्द माझ्या पोराचा आहे, भावोजी. मला हवा तसा घेईन.”

“आणि नाही आला तर? पाहुण्यांनी मुक्या दारातून आत यायचं?”

“दार मुकं राहील,” कालिपा म्हणाली. “पण या वेळी दुसऱ्याचा गळा नको.”

मामात चिडून गेला. ती चुलीपुढे बसून राहिली आणि मग तिला रडू कोसळलं, कारण झोयाचा अर्थ तिनं अखेर स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता. आता तो खोटा ठरला तर सगळ्या गोतापुढे ठरणार होता.

आशच्या दिवशी आलाईत ऊन होतं, डोंगरांच्या माथ्यावर बर्फ होतं. कुरणात नमद्याचा पांढरा तंबू उभा केला होता. कालिपा आत भिंतीकडे तोंड करून बसली होती, काळ्या कपड्यांत, दोन्ही बाजूंना नात्यातल्या बायका. नवऱ्याच्या गुणांचे विलाप गात त्यांनी बसायचं असतं, बाहेर बघायचं नसतं. बाहेर घोड्यांवरून पाहुणे येऊ लागले होते. दारात दोन दीर आणि भाचे काठ्या घेऊन उभे होते, पण मुलाची जागा तिनं रिकामी ठेवायला लावली होती. मामातनं आत डोकं घालून एकदा विचारलं, “अजून वेळ आहे, उभा करू का पोराला?” तिनं मान हलवली, नाही म्हणून.

पाहुणे आले, गेले, बसले. दिरांचा आवाज कोरडा होता. कालिपाचा विलापही कोरडा पडत चालला. शेजारची जाऊ तिच्या गुडघ्यावर हात ठेवून पुटपुटली, “जाऊ दे गं. घशाला कोरड पडली असेल, पाणी पी.”

तेवढ्यात बाहेर एक आवाज उठला.

“माझ्या बापा, माझ्या डोंगरा...”

तो आवाज फाटका होता. मधेच तुटत होता, फोनसारखाच. पण या खेपेला तो बंद पडला नाही. वर्षभर छातीत कोंडलेलं सगळं तो बाहेर ओतत होता, आणि बाहेरची माणसं एकेक करून घोड्यांवरून उतरली. कालिपाला उठायची परवानगी नव्हती. भिंतीच्या नमद्यावर कपाळ टेकून ती गात राहिली, आणि तिचा विलाप असा काही सुरू झाला की बाजूच्या बायकांना सूर धरता येईना. आतून ती आणि बाहेरून तो, मधे फक्त नमदा. मेलेल्या माणसाला त्याच्या वाटचं रडणं अखेर मिळालं.

मग वडीलधाऱ्यांनी पुरे म्हणून सांगितलं. बायकांनी तिचं काळं उतरवलं, पांढरा रुमाल बांधला, आणि ती बाहेर आली. दीर आणि भाचे यांनी काठ्या टाकून कंबर सरळ केली होती. सापारनं काठी टाकली नव्हती. त्याच्याजवळ तोलोन उभा होता, अपराध्यासारखा. कालिपा जवळ गेली, सापार तिच्याकडे दोन पावलं आला, आणि त्या दोन पावलांत तिला सगळं दिसलं. डावा पाय त्याच्या मागून येत होता. ती काठी दुखवट्याची नव्हती, ती त्याचीच होती.

पण त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, डोळे स्वच्छ होते, आणि तो तिच्यापुढे उभा होता. तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. मामात बाजूला उभा राहून मिशी चावत होता. मग पुढे येऊन त्यानं पुतण्याचा खांदा धरला आणि म्हणाला, “घसा बापाचाच आहे.” याहून गोड बोलणं मामातला जमत नाही.

पाहुणे पांगल्यावर, ऊन कलताना, दोघं तंबूच्या दाराशी बसली. तिनं त्याच्यापुढे गरम भाकरी आणि वाटीत लोणी ठेवलं. सापारनं पिशवीतून काहीतरी काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तो तिनं भरून पाठवलेला कोथळा होता, रिकामा, धुऊन घडी केलेला.

“परत भरायला होईल म्हणून आणला.”

“बरं केलंस.”

त्यानं पाय लांब करून काठी बाजूला आडवी ठेवली. “अपा, तुझ्यासारखी बाई मी पाहिली नाही. मी दवाखान्यात पडलो होतो. परांची तुटून खाली आलो, पायाचं हाड चुरा झालं. डॉक्टर म्हणाला, काठीशिवाय चालणार नाहीस. वाटलं, आता कुठल्या तोंडानं घरी जायचं? बापाच्या मातीला नाही आलो, आणि आता येणार तो असा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा फोन मागितला आणि तुला सांगून टाकलं, मायिप झालो, आता माझी वाट बघू नकोस. बोलून होतं न होतं तोच त्याचा फोन बंद पडला.”

मायिप म्हणजे पांगळा. कालिपानं मांडीवरच्या कोथळ्याची घडी उलगडली आणि परत घातली.

“परत फोन करायचा धीर झाला नाही,” सापार पुढे सांगू लागला. “वाटलं, तू छाती पिटत असशील, सगळं गोत गोळा झालं असेल. आणि महिन्याभरानं काय आलं, तर लोणी. ना रडणं, ना निरोप, ना काकाचा टोमणा. नुसतं लोणी. मी कोथळा उघडला आणि सगळ्या खोलीत वास सुटला. रशियन, उझबेक, सगळे पाव घेऊन माझ्या खाटेभोवती बसले. मी विचार केला, माझी आई ऐकते की पोरगा पांगळा झाला, आणि म्हणते, झालास तर झालास, खा. तिला त्याचं एवढंच वाटतंय, तर मला एवढं का वाटावं? दुसऱ्या दिवशी मी काठी मागितली. आधी हातही लावत नव्हतो तिला. खोलीतल्या पोराबरोबर तोलोनही दवाखान्यात आला होता; तू गोतात सांगितलेलं दिसत नव्हतं, म्हणून त्यालाही शपथ घातली कुणाला सांगू नकोस म्हणून.” त्यानं आईकडे पाहिलं. “तू ऐकलं होतंस ना?”

कालिपानं समोर पाहिलं. कुरणात घोडे चरत होते. खरं सांगावं तर त्याची काठीच काढून घेतल्यासारखं होईल. आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. लोणी म्हणाली होती ती, तेही चुकलं होतं. झोयाचा महिना आयताच खरा ठरला होता. नेमातच्या मद्याचं तर नावच नको, उद्या त्याला सांगितलं की तो आनंदानं जर्दाळूचं पोतं रिकामं करेल. आणि मग तिला औषधांच्या दुकानात बाटली हातात घेऊन ओशाळलेली ती पोरगी आठवली.

“तू माय म्हणालास,” ती म्हणाली. “तेवढं मी ऐकलं.”

“तेवढंच?”

“तेवढं पुरे होतं. एका हिंदी पोरीला बरोबर कळलं होतं, मलाच उशीर झाला.”

“कोण हिंदी पोरगी?”

“आहे एक. दर आठवड्याला लोणी नेते.” कालिपानं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर बोटानं लोणी फासलं आणि त्याच्या हातात दिला. “आता या आठवड्याला तिला फुकट देणार आहे. खा.”